पुस्तकासोबत एका पानाचं शुद्धिपत्र द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर कारकून आहे. वय 36. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की होळीपर्यंत माझी रात्रपाळी ठरलेली. ही नोकरी सांभाळून मी दूरस्थ पद्धतीने संगणकाची पदवी करतोय. यंदा ‘जावा इंटरनेट प्रोग्रामिंग’ हा विषय आहे (जावा ही प्रोग्राम लिहायची एक भाषा) आणि त्याच्या पुस्तकाबद्दल मला लिहायचं आहे. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. कोणाची बदनामी करायची नाही, आणि भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये भेटणारे दुसऱ्या ठिकाणचे विद्यार्थीही जवळपास हेच सांगतात.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी पुस्तकात एक पान घालून द्या, शुद्धिपत्राचं. ते का हवं, हे समजायला माझ्या अकरा रात्रींची हकिकत ऐकावी लागेल.

काट्याच्या केबिनमध्ये रात्री काम सलग नसतं. ट्रॅक्टर येतो, ट्रॉली काट्यावर चढते, आकडा हलायचा थांबेपर्यंत थांबायचं आणि भरल्या गाडीचं वजन घ्यायचं. मग गाडी आत गंजीकडे जाते. रिकामी होऊन परत यायला कधी तास लागतो, कधी दोन तास. परत आली की रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, निव्वळ माल, पावती. या मधल्या वेळात मी अभ्यास करतो. लॅपटॉप जळगावहून जुना घेतलेला, चार जीबी रॅमचा. हवेत रुईचे तंतू इतके उडत असतात की कळफलक तासातासाला फुंकून साफ करावा लागतो. जड सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, म्हणून प्रोग्राम नोटपॅडमध्ये लिहायचा आणि कमांड प्रॉम्प्टवर कंपाइल करायचा, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणायचा.

हा विषय मला मार्कांपुरता नको आहे. आमच्याकडे येणारे बरेच शेतकरी भाड्याचा ट्रॅक्टर करून माल आणतात. गाडी खाली व्हायला पहाट होते, पावती ड्रायव्हरच्या खिशात जाते आणि कधी कधी तिथेच हरवते. मग आठ दिवसांनी पैसे घ्यायला आल्यावर ‘माझं वजन किती होतं’ इथून सुरुवात. मागच्या हंगामात एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं, “भाऊ, मनी पावती मोबाईलवर दिसी का?” त्या दिवसापासून डोक्यात तेच आहे. पावती क्रमांक टाकला की भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ माल घरबसल्या दिसावा. फार मोठा प्रोग्राम नाही हा. डेटाबेसमधली एक ओळ शोधून वेबपानावर दाखवायची. जावामध्ये हे काम सर्व्हलेट (वेबपान तयार करून पाठवणारा प्रोग्राम) आणि जेडीबीसी (डेटाबेसशी जोडणी करणारा भाग) करतात, आणि माझ्या पुस्तकात नेमकी हीच दोन प्रकरणं आहेत. म्हणून पुस्तक हातात आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

पुस्तकातला पहिला सर्व्हलेट पंधरा-सोळा ओळींचा आहे. सुरुवातीलाच ‘इम्पोर्ट जावाएक्स डॉट सर्व्हलेट’ ही ओळ. सर्व्हलेट चालवायला अपाची टॉमकॅट नावाचं सॉफ्टवेअर लागतं, ते फुकट मिळतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून मी 10 क्रमांकाची आवृत्ती उतरवून घेतली, कारण नवीन घेतलेलं बरं असं वाटलं. पुस्तकातला प्रोग्राम अक्षर न् अक्षर जुळवून लिहिला आणि कंपाइल केला. उत्तर आलं, ‘पॅकेज जावाएक्स डॉट सर्व्हलेट डझ नॉट एक्झिस्ट’. म्हणजे अशा नावाचं पॅकेजच, तयार कोडचा संचच, अस्तित्वात नाही.

पहिल्या रात्री वाटलं, आपलंच स्पेलिंग चुकलंय. बोट ठेवून एकेक अक्षर पाहिलं. दुसऱ्या रात्री क्लासपाथ, म्हणजे तयार कोडच्या फाइली कुठे शोधायच्या हे जावाला सांगणारी यादी. पुस्तकात लिहिलंय की सर्व्हलेटच्या जार फाइलचा रस्ता क्लासपाथमध्ये द्यावा लागतो. तो तीन-चार प्रकारे देऊन पाहिला. मग जेडीके, म्हणजे जावाचे प्रोग्राम कंपाइल करायचा संच, काढून पुन्हा टाकला. मग टॉमकॅट सी ड्राइव्हमधून डी ड्राइव्हमध्ये नेला. धरणगावात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या पोराला दाखवलं, तो म्हणाला विंडोज नवीन टाकून बघू. तेही केलं. प्रत्येक रात्री वहीत लिहून ठेवत होतो की आज काय बदललं आणि काय उत्तर आलं. अकरा रात्री तेच एक वाक्य समोर येत होतं. त्या दिवसांत दुसरं एक पान वाचून झालं नाही.

बाराव्या दिवशी रविवार होता, अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र होतं. प्रोग्राम पेनड्राइव्हवर नेला आणि तिथल्या संगणकावर टाकला. पहिल्याच झटक्यात चालला. पडद्यावर ‘हॅलो’ उमटलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र खुर्चीत बसूनच राहिलो. एकही अक्षर न बदलता जो प्रोग्राम इथे चालतो तो काट्यावर का चालत नाही?

घरी आल्यावर दोन्हीकडच्या आवृत्त्या वहीत समोरासमोर लिहिल्या. केंद्रावर जावा 6, टॉमकॅट 6. माझ्याकडे जावा 17, टॉमकॅट 10. तेव्हा कुठे शोध योग्य दिशेने लागला.

झालं आहे ते असं. जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्सने 1995 मध्ये बाहेर आणली. 2010 मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. मोठमोठ्या वेब-प्रणालींसाठी लागणारा जावाचा भाग, ज्यात सर्व्हलेट येतात, तो ओरॅकलने 2017 मध्ये एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवायचं ठरवलं. काम गेलं, पण ‘जावा’ हे नाव ओरॅकलकडेच राहिलं. ‘जावाएक्स’ नावाखाली पुढे बदल करण्याबद्दल दोघांचं जमलं नाही. त्यामुळे त्या सगळ्या भागाचं नामकरण ‘जकार्ता’ झालं आणि 2020 च्या अखेरीस आलेल्या ‘जकार्ता ईई 9’ या आवृत्तीपासून पॅकेजच्या नावातही ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ आलं. टॉमकॅट 9 जुनं नाव ओळखतो, टॉमकॅट 10 नवं. नवशिक्याला अजून गोंधळात टाकणारी बाब म्हणजे सगळेच जावाएक्स गेलेले नाहीत. खिडक्या-बटणांचं ‘जावाएक्स डॉट स्विंग’ आणि डेटाबेसचं ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल’ जेडीकेमध्ये जसंच्या तसं आहे.

मी ‘जावाएक्स’ खोडून ‘जकार्ता’ लिहिलं आणि प्रोग्राम चालला. अकरा रात्री एका शब्दाच्या होत्या.

टॉमकॅटच्या संकेतस्थळावर डाउनलोडच्या पानावर ही सूचना इंग्रजीत आहे. मी ती न वाचता थेट खालच्या झिप फाइलवर बोट ठेवलं, ती चूक माझी. पण बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला माणूस पुस्तक प्रमाण मानूनच पहिलं पाऊल टाकतो. संस्थेने दिलेलं पुस्तक चुकीचं असू शकतं, ही शंका त्याला येतच नाही. शंका येते ती स्वतःवर.

हे मी अनुभवाने लिहितोय. आमच्या रविवारच्या वर्गात सावद्याच्या केळी-व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणारा एक मुलगा होता. हुशार, आणि हात चालणारा. डिसेंबरनंतर तो यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणाला, “दादा, आपल्याला नाही जमत ते. डोकंच नाही तेवढं.” मी त्याच्याकडून प्रोग्राम व्हॉट्सॲपवर मागवला. त्यात एकही चूक नव्हती. त्याच शब्दावर तो अडला होता आणि आपण मठ्ठ आहोत असं समजून घरी बसला होता. फीचे पैसे गेले ते गेलेच, पण त्याच्या मनात जे बसलं ते मी आजवर काढू शकलो नाही. परत ये म्हणून दोनदा सांगितलं, बघतो म्हणतो.

कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हीच अडचण आली तर तो शेजारच्या बाकावरच्याला विचारतो, नाहीतर सरांना हाक मारतो, आणि पाच मिनिटांत पुढे सरकतो. दूरस्थ विद्यार्थ्याच्या शेजारी बाक नसतो. आमच्यात चोपड्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक ताई आहेत, एसटीत वाहक असलेले एक भाऊ आहेत. कोणी रात्री एक वाजता पुस्तक उघडतो, कोणी पहाटे चारला. त्या वेळी समोर फक्त पुस्तक असतं. कॉलेजच्या पुस्तकातली चूक मास्तर सांभाळून घेतात. आमच्या पुस्तकातली चूक सांभाळून घ्यायला कोणी नसतं, म्हणून आमचं पुस्तक कॉलेजच्या पुस्तकापेक्षा जास्त बिनचूक असायला हवं.

केंद्रातल्या लोकांच्या हे लक्षात का आलं नाही, यावर मी बराच विचार केला. त्यांचा निष्काळजीपणा आहे असं मला वाटत नाही. प्रयोगशाळेतले संगणक पुस्तकाइतकेच जुने आहेत. दोन्ही एकाच वयाचे असल्यामुळे तिथे पुस्तक नेहमी बरोबरच ठरतं. परीक्षाही त्याच संगणकांवर होते. बिघडतं ते ज्याने घरी स्वतः काही करून पाहायचं ठरवलं त्याचंच. म्हणजे सगळ्यात जास्त धडपड करणाऱ्यालाच सगळ्यात जास्त ठेच लागते.

सर्व्हलेटचं हे एकच उदाहरण नाही. पुस्तकाचा पहिला चौथा हिस्सा ॲपलेटवर आहे. ब्राउझरच्या पानात चालणारा छोटा जावा प्रोग्राम म्हणजे ॲपलेट. क्रोमने त्याला लागणारा प्लग-इन सप्टेंबर 2015 मध्ये बंद केला, फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये. ब्राउझरशिवाय ॲपलेट पाहायची ‘ॲपलेटव्ह्यूअर’ नावाची सोय जेडीकेमध्ये होती, तीही 2018 च्या जावा 11 मध्ये काढून टाकली. जर्नलमध्ये मात्र ॲपलेटची प्रात्यक्षिकं आहेत. ‘ॲपलेटचं जीवनचक्र आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो म्हणून इनिट, स्टार्ट, पेंट, स्टॉप, डिस्ट्रॉय ही पाच नावं आम्ही पाठ करतो. वाचून काहीच फायदा नाही असं मी म्हणणार नाही. पुढे सर्व्हलेटचं इनिट, सर्व्हिस, डिस्ट्रॉय समजायला मला त्याचा उपयोग झाला. पण हे प्रकरण इतिहास म्हणून वाचा, घरी चालवायच्या नादी लागू नका, एवढी एक ओळ कोणीतरी सांगायला हवी होती.

डेटाबेसच्या प्रकरणातही तसंच. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसला जोडण्यासाठी पुस्तकात जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज नावाचा जोडणीचा भाग वापरलाय. तो ब्रिज मार्च 2014 मध्ये आलेल्या जावा 8 मधूनच काढून टाकलेला आहे. घरच्या संगणकावर ‘क्लास नॉट फाउंड’ एवढंच उत्तर येतं. यावर उपाय अवघड नाही. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस टाकायचा, त्याची जोडणीची जार फाइल टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये ठेवायची आणि जोडणीची ओळ बदलायची. बाकीचा सगळा प्रोग्राम, म्हणजे कनेक्शन, स्टेटमेंट, रिझल्टसेट, पुस्तकात जसा आहे तसाच चालतो. एवढं जुनं प्रकरण आजही इतकं उपयोगी पडतं, हे त्या लेखकांचं चांगलं काम आहे. म्हणूनच सगळं पुस्तक नव्याने लिहा अशी माझी मागणी नाही. एक्सेप्शन आणि थ्रेडची प्रकरणं तर मी दोनदा वाचली, इतकी ती नीट समजावून दिली आहेत.

एक गोष्ट मात्र जुन्या-नव्याची नाही, ती मुळातच राहून गेली आहे. पावतीचा प्रोग्राम अर्धा झाल्यावर मी टॉमकॅट 9 घेतला होता, म्हणजे पुस्तकाशी जुळेल. शेतकऱ्याचं गाव मराठीत दिसावं म्हणून डेटाबेसमध्ये ‘एरंडोल’ लिहिलं. वेबपानावर ओळीने सहा प्रश्नचिन्हं आली. मला वाटलं, अक्षरं चार आणि प्रश्नचिन्हं सहा कशी? पेनने वहीत फोड केली. ए, र, रवरचा अनुस्वार, ड, डवरचा ओकार, ल. सहा. संगणकाच्या हिशेबी अनुस्वार वेगळा आणि ओकार वेगळा. म्हणजे नाव डेटाबेसमधून पूर्ण, एकही चिन्ह न गळता बाहेर आलं होतं, फक्त शेवटच्या टप्प्यावर ते लिहायची लिपी सर्व्हलेटला सांगितलेली नव्हती. जावा पहिल्यापासून युनिकोडवर, म्हणजे अनेक लिप्यांची अक्षरं सामावणाऱ्या संचावर, उभी आहे, मराठी तिला परकी नाही. पण सर्व्हलेटला वेगळं काही सांगितलं नाही तर तो पश्चिम युरोपातल्या अक्षरांचा संच धरून चालतो, आणि त्यात न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो. पुस्तकातल्या ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ या ओळीपुढे ‘कॅरसेट यूटीएफ-8’ एवढं जोडलं आणि ‘एरंडोल’ उमटलं. रात्रीचे अडीच वाजले होते. काट्यावर हमाल चहा घेत बसले होते, त्यांना बोलावून दाखवलं.

महाराष्ट्रात शिकवल्या जाणाऱ्या इंटरनेट प्रोग्रामिंगच्या पुस्तकात मराठी अक्षर पडद्यावर कसं आणायचं हे एका ओळीने तरी असावं, असं मला फार वाटतं.

केंद्रातल्या समन्वयक सरांना मी हे सगळं वही दाखवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. अभ्यासक्रम बदलायला मंडळाची मंजुरी लागते, छपाई एकदाच मोठी होते, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. शिवाय 2018 पासून जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. कोणतंही छापील पुस्तक त्या वेगाने धावू शकणार नाही. म्हणूनच तर मी पुस्तक मागत नाही, पान मागतोय. त्या पानावर एवढंच असावं की यंदा घरी जेडीके कोणता टाकायचा, टॉमकॅट कोणता टाकायचा, पुस्तकातल्या कोणत्या पानावरची कोणती ओळ बदलायची, कोणतं प्रकरण फक्त परीक्षेसाठी वाचायचं. हा मजकूर ठरवायला जाणकार शिक्षकाला एक दुपार पुरेल. झेरॉक्सचा खर्च पानामागे दोन रुपये धरला तरी फीच्या मानाने तो काहीच नाही. तोही विद्यार्थी आनंदाने देतील.

काही मित्र म्हणतात, पुस्तक सोड, व्हिडिओ बघ. मी बघतो. पण प्रत्येक व्हिडिओवाल्याची आवृत्ती वेगळी असते, आणि ती कोणती हे तो सांगतोच असं नाही. आधीच चुकलेल्या माणसाला आणखी चार वाटा दाखवल्यासारखं होतं ते. शिवाय पदवी पुस्तकावरच्या परीक्षेतून मिळते. ज्याची बदली-बढती त्या कागदावर अवलंबून आहे त्याला पुस्तक सोडून चालत नाही.

आता गाड्या कमी झाल्या आहेत, हंगाम संपत आला. परीक्षा मेमध्ये आहे, आमच्याकडे तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो आणि दुपारी वीज गेली की लॅपटॉपला हात लावता येत नाही, म्हणून उरलेलं वाचन एप्रिलमध्येच उरकायचं ठरवलंय. पावतीचा प्रोग्राम चालू झालाय, सध्या काट्यावरच्या एकाच संगणकावर. मालकांना दाखवला, पुढच्या हंगामात इंटरनेटवर ठेवू म्हणाले आहेत.

माझ्या वहीतले सगळे बदल मी दोन पानांत स्वच्छ अक्षरात उतरवून काढले आणि त्यांच्या झेरॉक्स वर्गातल्या सगळ्यांना दिल्या. चोपड्याकडच्या ताईंचा सर्व्हलेट त्याच रात्री चालला, त्यांनी पडद्याचा फोटो पाठवला. एक प्रत सावद्याला टपालाने पाठवली आहे. एक समन्वयक सरांच्या टेबलावर आहे. जुलैत नव्या तुकडीचे प्रवेश सुरू होतात. जाणकारांनी ती पानं तपासावीत, चुकलं असेल ते दुरुस्त करावं आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यासोबत वाटावीत, ही आपल्या पत्राद्वारे सर्व दूरस्थ शिक्षण संस्थांना माझी विनंती आहे.

आपला,
वजनकाट्यावरचा एक दूरस्थ विद्यार्थी
ता. धरणगाव, जि. जळगाव